आठ ओळींची कविता मोजायची कशी: लय, यमक आणि पुनरावृत्ती

कवितेचं वृत्त ओळखा म्हटलं की नवखा वाचक आधी वृत्तांची यादी उघडतो. यादीतलं एखादं नाव कवितेला लागू पडलं की काम झालं, असं त्याला वाटतं. पण नावावरून कवीने कोणता साचा निवडला एवढंच कळतं. त्या साच्यात तो कुठे नेमका बसला, कुठे त्याने तो ताणला आणि कुठे सरळ मोडला, हे ओळ न ओळ मोजल्याशिवाय दिसत नाही. कवितेबद्दल सांगण्यासारखं बहुतेक वेळा त्या ताणलेल्या आणि मोडलेल्या जागांतच असतं. म्हणून इथे वृत्ताचं नाव अगदी उशिरा येईल.

मोजायला काहीतरी समोर हवं. मुद्दाम सरावासाठी रचलेल्या या आठ ओळी घेऊ. कविता थोर नाही, पण नवशिक्याला अडखळायला लागतील अशा बहुतेक जागा तिच्यात आहेत.

उघडे आहे दार अजूनी
आणि दिवाही जळतो आहे
वळणावरती धूळ कुणाची
वारा मागे वळतो आहे

उघडे आहे दार अजूनी
दाणे टिपुनी चिमणी गेली
तुझ्या पावलांवाचुन येथे
रात्रच झाली

पायरी १: आधी कानाने

कविता दोनदा मोठ्याने वाचा. पुटपुटून चालणार नाही. पहिल्यांदा अर्थ लागेल अशी, कुणाला सांगितल्यासारखी वाचा. दुसऱ्यांदा टेबलावर बोटाने ठेका धरून वाचा. ठेका कुठला, याची काळजी करू नका. चारसहा ओळींत तो आपोआप सापडतो. सापडलाच नाही, तर तीही एक माहितीच आहे.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी हातात पेन्सिल असू द्या. जीभ अडखळली, श्वास मध्येच सुटला किंवा आवाज अपेक्षेपेक्षा लवकर संपला, तिथे नुसती फुली मारा. कारण आत्ताच शोधू नका. वरच्या कवितेत बहुतेकांच्या दोन फुल्या पडतील: एक सातव्या ओळीच्या सुरुवातीला आणि दुसरी आठव्या ओळीच्या शेवटी.

एक धोका लक्षात ठेवा. कविता गाण्याच्या रूपात तुमच्या कानात बसलेली असेल, तर ती चाल क्षणभर बाजूला सारा. चालीत एखादा ऱ्हस्व स्वर सहज चार मात्रा, म्हणजे चार ऱ्हस्व अक्षरांच्या वेळाइतका, ओढला जातो आणि तुमचा सगळा हिशोब गायकाचा होतो, कवीचा राहत नाही.

पायरी २: कूळ ठरवा

मराठी पद्याची मोठी कुळं तीन. अक्षरगणवृत्तात प्रत्येक ओळीत अक्षरांची संख्याही ठरलेली असते आणि लघु-गुरूंचा, म्हणजे आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांचा, क्रमही. मात्रावृत्तात, म्हणजे जातीत, एकूण मात्रा आणि त्यांचे गट ठरलेले असतात, अक्षरं कमीजास्त होऊ शकतात. अक्षरछंदात, म्हणजे ओवी-अभंगांच्या घराण्यात, अक्षरं मोजतात आणि लघु-गुरूचा भेद मानत नाहीत. या तिन्हींच्या बाहेर मुक्तछंद. त्याच्याकडे शेवटी येऊ.

कूळ ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक ओळीची अक्षरं मोजणं. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं, ‘झ्या’ एक, ‘त्र’ एक. आपल्या कवितेत आकडे येतात १०, १०, ११, ९, १०, १०, १०, ५. पाच ओळी दहाच्या पाहून ‘हा दशाक्षरी छंद दिसतो’ असं म्हणण्याचा मोह होईल. पण तिसरीत अकरा आहेत आणि चौथीत नऊ, तरीही वाचताना या ओळी लांब किंवा आखूड वाटत नाहीत. अक्षरं बदलूनही वेळ तेवढाच लागतो, याचा अर्थ इथे मात्रा मोजायला हव्यात.

अक्षरछंद कसा दिसतो हे पडताळायचं असेल तर तुकारामांच्या अभंगाचं पहिलं कडवं बोटांवर मोजून पाहा: सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया. सहा, सहा, सहा, चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. हा मोठ्या अभंगाचा सांगाडा. ‘कर क’ ही तीन लघु अक्षरं आणि ‘सुंदर’मधलं गुरू ‘सुं’ इथे सारख्याच मोलाची. ज्ञानेश्वरीतल्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, यमकाविना असतो. तिथे अक्षरांची संख्याही पक्की नसते. त्यामुळे ओवीत आकड्यांपेक्षा यमकाच्या जागा पाहिलेल्या बऱ्या.

पायरी ३: लघु आणि गुरू

इथे सर्वात जास्त वेळ जातो आणि तो द्यायलाच हवा.

अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर आणि ते असलेली अक्षरं लघु, एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेली अक्षरं गुरू, दोन मात्रा. अक्षरावर उच्चारला जाणारा अनुस्वार किंवा पुढे विसर्ग असेल तर ते मुळात ऱ्हस्व असलं तरी गुरू. म्हणून ‘अंग’मधला ‘अं’ दोन मात्रांचा आणि ‘दुःख’मधला ‘दुः’ही दोनच.

जोडाक्षराचा नियम जरा सांभाळून वापरावा लागतो. जोडाक्षराच्या आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर उच्चारात आघात येत असेल, तर ते अक्षर गुरू होतं. ‘सत्य’, ‘शब्द’, ‘पक्षी’ म्हणून पाहा. स, श, प यांच्यावर जीभ दाबली जाते. पण ‘तुझ्या’, ‘तुम्ही’, ‘दुसऱ्या’ म्हणताना असा दाब पडत नाही. तिथे ‘तु’ लघुच राहतो, ‘दुसऱ्या’मधला ‘स’ही लघुच. पुस्तकातला नियम पाठ करून ‘तुझ्या’ला चार मात्रा देणारे पुष्कळ भेटतात. मराठीत हा निकाल कानाने लावायचा असतो. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर मुळातच दीर्घ असेल, जसं ‘रात्र’मधलं ‘रा’, तर प्रश्नच नाही. ते दोनच मात्रांचं राहतं, तीन होत नाही.

आता सर्वात फसवी जागा. आपण बोलताना ‘दार’चा उच्चार ‘दार्’ असा करतो, शेवटच्या ‘र’मधला ‘अ’ गिळून टाकतो. पद्यात मात्र तो ‘र’ पूर्ण मोजला जातो. ‘दार’ म्हणजे २ + १. ‘धूळ’ म्हणजे २ + १. ‘वाचुन’ म्हणजे २ + १ + १. बोलण्यातल्या उच्चारावर मोजलंत तर जवळजवळ प्रत्येक ओळ एक-दोन मात्रांनी कमी भरेल. उलट ‘अर्थात्’सारखा खरोखरच पाय मोडलेला ‘त्’ असेल, तर त्याला स्वतःची मात्रा नसते. त्याच्या आधीचं अक्षर ऱ्हस्व असलं तर ते गुरू होतं.

चरणाच्या अगदी शेवटी आलेलं लघु अक्षर गरजेप्रमाणे गुरू मानायची सवलत आहे. आपल्या कवितेत तिची गरज पडत नाही, कारण सगळ्या ओळी दीर्घ स्वरावर संपतात.

पायरी ४: आकडे मांडा

प्रत्येक ओळीखाली मात्रा लिहा. ओळ आणि आकडे एकाखाली एक यायला हवेत, नाहीतर पुढे गट पाडताना घोळ होतो.

उघडे आहे दार अजूनी
१ १ २, २ २, २ १, १ २ २ = १६

आणि दिवाही जळतो आहे
२ १, १ २ २, १ १ २, २ २ = १६

वळणावरती धूळ कुणाची
१ १ २ १ १ २, २ १, १ २ २ = १६

वारा मागे वळतो आहे
२ २, २ २, १ १ २, २ २ = १६

दाणे टिपुनी चिमणी गेली
२ २, १ १ २, १ १ २, २ २ = १६

तुझ्या पावलांवाचुन येथे
१ २, २ १ २ २ १ १, २ २ = १६

रात्रच झाली
२ १ १, २ २ = ८

पाचवी ओळ पहिलीच असल्याने वेगळी मोजलेली नाही.

एखादी ओळ एका मात्रेने चुकली तर लगेच ‘इथे वृत्तभंग आहे’ असा निकाल देऊ नका. आधी स्वतःचं मोजणं तपासा. जोडाक्षराचा आघात नीट ऐकला का, अनुस्वार सुटला का, शेवटचा ‘अ’ गिळला का. मग छपाई तपासा. सातव्या ओळीत ‘वाचुन’ असं ऱ्हस्व लिहिलंय, शुद्धलेखनाप्रमाणे ते ‘वाचून’ व्हायला हवं. मुद्रितशोधकाने ते ‘सुधारलं’ तर ओळ सतरा मात्रांची होते आणि दोष कवीच्या माथी येतो. वृत्तासाठी ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व करण्याची मुभा मराठी कवी पूर्वीपासून घेत आले आहेत. सहाव्या ओळीतलं ‘टिपुनी’ही तसंच. तेव्हा कविता मोजताना पानावर जसं छापलंय तसं मोजा, आणि संशय आला तर दुसरी आवृत्ती मिळते का पाहा.

पायरी ५: गट पाडा, मग नाव द्या

सोळा हा नुसता बेरजेचा आकडा झाला. लय कळते ती गटांवरून. आपल्या ओळी चार-चार मात्रांत कापून पाहू:

उघडे । आहे । दार अ । जूनी
आणि दि । वाही । जळतो । आहे
वारा । मागे । वळतो । आहे
दाणे । टिपुनी । चिमणी । गेली

चाकूसारखी कापली जातात. चौथ्या आणि सहाव्या ओळीत तर प्रत्येक गट म्हणजे एक पूर्ण शब्द, म्हणून त्या दोन ओळी वाचताना सर्वात सरळ, जवळजवळ बालगीतासारख्या चालतात. आता सातवी ओळ कापा. ‘तुझ्या’च्या तीन मात्रा झाल्या, चौथी मात्रा ‘पा’च्या पोटात आहे. चार मात्रांचा ठेका इथे अक्षराच्या मधोमध पडतो. आठ मात्रा झाल्यावर, ‘पावलां’च्या शेवटी, ओळ पुन्हा ठेक्यावर येते आणि पुढे ‘वाचुन । येथे’ बिनबोभाट जातं. दुसऱ्या वाचनातली पहिली फुली इथेच पडली होती.

सोळा मात्रा आणि आठ-आठचे दोन भाग, या मांडणीला पादाकुलक म्हणतात. सातव्या ओळीसारखी रचना त्यात चालते. आठ मात्रांचा हिशोब पूर्ण झाला म्हणजे झालं. म्हणजे तो नियमभंग ठरत नाही. पण बाकी सगळ्या ओळी चार-चारमध्ये बसत असताना एकच ओळ बसत नाही, आणि नेमकी ‘पावलां’वर ठेका अडखळतो, हे टिपून ठेवण्यासारखं आहेच.

कविता अक्षरगणवृत्तात असेल तर मात्रांच्या गटांऐवजी तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे. त्यासाठी ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र पुरतं. ज्या गणाचा क्रम हवा त्याच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं वाचा: ‘यमाता’ म्हणजे य गण, लघु-गुरू-गुरू, ‘राजभा’ म्हणजे र गण, गुरू-लघु-गुरू, ‘नसल’ म्हणजे न गण, तिन्ही लघु. सरावाला मनाच्या श्लोकांसारखं दुसरं काही नाही. ‘मना सज्जना भक्तिपंथेंचि जावें’ या ओळीचे गण पाडा: मना स । ज्जना भ । क्तिपंथें । चि जावें. चारही वेळा लघु-गुरू-गुरू, चार य गण, बारा अक्षरं. हे भुजंगप्रयात. इथे ‘सज्जना’मधला ‘स’ आणि ‘भक्ति’मधला ‘भ’ आघातामुळे गुरू झालेत, हेही पाहून घ्या. ते लघु धरले तर पहिल्याच गणात गाडी अडते.

शार्दूलविक्रीडितासारख्या एकोणीस अक्षरी वृत्तात आणखी एक गोष्ट येते, यति. बाराव्या अक्षरानंतर थांबायचं असतं. तिथे शब्द संपतो की मधोमध तुटतो, एवढं जरूर तपासा.

पायरी ६: यमक

ओळींच्या शेवटांना अक्षरं द्या. सारखा शेवट, सारखं अक्षर. आपल्याकडे येतं क ख ग ख, आणि दुसऱ्या कडव्यात क घ च घ. पहिल्या कडव्यातला ‘क’ त्याच्या कडव्यात एकटाच होता, दुसऱ्या कडव्यात ती ओळच परत आल्यामुळे त्याला जोडी मिळाली. ‘कुणाची’ आणि ‘अजूनी’ दोन्ही ईकारान्त आहेत, पण तेवढ्यावर त्यांना यमक म्हणायचं नाही.

खुणा करून थांबू नका, यमक किती घट्ट आहे हे बघा. मागून पुढे या आणि कुठपर्यंत ध्वनी सारखा राहतो ते मोजा. ‘जळतो आहे’ आणि ‘वळतो आहे’ यांत फक्त पहिलं व्यंजन वेगळं, ज आणि व. पुढचं सगळं एकच. गझलेच्या भाषेत ‘आहे’ हा रदीफ, म्हणजे जसाच्या तसा परत येणारा शब्द, आणि ‘जळतो-वळतो’ हे काफिये, म्हणजे त्याच्या आधीचे यमक जुळणारे शब्द. ही फार घट्ट जोडी झाली. दुसऱ्या कडव्यात ‘गेली’ आणि ‘झाली’. इथे फक्त ‘ली’ जुळते, आधीचा स्वर एकीकडे ए आणि दुसरीकडे आ. काटेकोर वाचक याला कच्चं यमक म्हणेल. माझ्या मते ‘कच्चं’ म्हणून सोडून देणं हा आळस आहे. ज्याने पहिल्या कडव्यात जवळजवळ दोन शब्द जुळवले त्याला दुसऱ्यात एक अक्षरच का जुळवावंसं वाटलं, हा प्रश्न लिहून ठेवा.

ओळीच्या आतही पाहा. ‘टिपुनी चिमणी’मध्ये दोन गट पाठोपाठ नी-णीवर संपतात, आणि ‘अजूनी’चा शेवट त्यांना आधीच्या ओळीतून साथ देतो. अशी आतली यमकं लहान कवितेत डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, कानाला लगेच कळतात.

पायरी ७: काय परत येतं

पुनरावृत्ती तीन थरांवर शोधा: ध्वनी, शब्द, ओळ. रंगीत पेन्सिली असतील तर इथे त्यांचा उपयोग.

ध्वनीचा थर: पहिल्या कडव्यात ‘ळ’ चारदा येतो, जळतो, वळणावरती, धूळ, वळतो. दुसऱ्या कडव्यात एकदाही नाही. ‘व’ही तिसऱ्या-चौथ्या ओळीत दाटीने आहे: वळणावरती, वारा, वळतो. हा अनुप्रास झाला. आता ‘ळ हा व्याकुळतेचा वर्ण आहे’ वगैरे लिहू नका. तोच ‘ळ’ खळखळून हसण्यातही असतो. वर्णाला स्वतःचा भाव नसतो. तो कुठे दाटतो आणि कुठे नाहीसा होतो, एवढंच खात्रीने सांगता येतं, आणि ते पुरेसं असतं.

शब्दाचा थर: ‘आहे’ मोजा. पहिल्या कडव्यात तीनदा. दुसऱ्यात एकदा, तोही परत आलेल्या ओळीत. त्यानंतर क्रियापदं बदलतात, ‘गेली’, ‘झाली’. वर्तमानकाळ जिथे यमकाच्या जागेवर ठाण मांडून बसला होता, त्याच जागेवर आता भूतकाळ आहे. माझ्या लेखी या कवितेतला सर्वात महत्त्वाचा शोध हा, आणि तो एका साध्या क्रियापदाच्या मोजणीतून निघाला. ‘आहे’सारखे शब्द इतके सवयीचे असतात की पुनरावृत्ती शोधताना ते गाळले जातात. गाळू नका.

ओळीचा थर: पहिली ओळ पाचवी म्हणून परत येते. अशा वेळी दोन्ही जागी तिच्या पुढे काय येतं ते ताडून पाहा. पहिल्यांदा तिच्यामागून ‘आणि दिवाही’ येतं, म्हणजे दार उघडं आहे, शिवाय दिवाही आहे. दुसऱ्यांदा दिव्याचं नाव नाही, चिमणी येऊन दाणे टिपून गेलीसुद्धा. शब्द तेच, पण दुसऱ्यांदा ‘अजूनी’वर आवाज जास्त रेंगाळतो. परत येणाऱ्या प्रत्येक ओळीला ध्रुवपद म्हणू नका. ध्रुवपद ठरलेल्या जागी, बहुधा प्रत्येक कडव्यानंतर येतं. ही एकदाच परत आलेली ओळ आहे.

पायरी ८: टिपण लिहा

आता कागदावर बऱ्याच खुणा झाल्या असतील. त्या सगळ्या टिपणात यायला हव्यात असं नाही. ज्या खुणा एकाच जागेकडे बोट दाखवतात त्या निवडा, बाकीच्या सोडा. टिपण साधारण असं होईल:

‘कविता पादाकुलकात आहे. पहिल्या सहा ओळी चार-चार मात्रांच्या गटांत सरळ चालतात. पहिल्या कडव्यात घट्ट यमक, तीनदा आलेलं “आहे” आणि “ळ”चा अनुप्रास यांमुळे वाट पाहण्याला एक स्थिर चाल मिळते. दुसऱ्या कडव्यात हे आधार एकेक करून सुटतात: “ळ” नाहीसा होतो, “आहे”च्या जागी भूतकाळ येतो, यमक एका अक्षरापुरतं उरतं. सातव्या ओळीत “पावलां”वर ठेका अडखळतो आणि आठवी ओळ सोळाऐवजी आठ मात्रांत संपते.’

यात ‘लयबद्ध’, ‘नादमधुर’, ‘गेय’ हे शब्द नाहीत. ते वापरायला हरकत नाही, पण त्यांच्या मागे आकडा किंवा उदाहरण नसेल तर खोडा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हे तीन शब्द कुठल्याही कवितेखाली लिहिलेले सापडतात.

आठवी ओळ अर्धी का, यावर टिपणात काही म्हटलेलं नाही, हे लक्षात आलं असेल. माणूस आला नाही म्हणून ओळही पूर्ण आली नाही, असं वाचता येतं. उरलेल्या आठ मात्रा म्हणजे शांतता, असंही वाचता येतं. यातलं काहीही लिहा, पण मोजणीच्या नंतर आणि ‘मला असं वाटतं’ म्हणून. मोजणी सगळ्यांची सारखी यायला हवी, अर्थ सारखा येण्याची गरज नाही.

मुक्तछंद समोर आला तर

मात्रा जुळत नाहीत, अक्षरं जुळत नाहीत, यमक नाही. तरीही पायऱ्या त्याच, फक्त क्रम उलटा. आधी पुनरावृत्ती शोधा, कारण मुक्तछंदात लय बहुतेक तिच्यावर उभी असते: एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी, सारख्या बांधणीची वाक्यं, परत परत येणारं एखादं नाम. मग ओळी कुठे तोडल्या आहेत ते पाहा. वाक्य संपलं तिथे ओळ संपते, की विशेषण एका ओळीत आणि नाम दुसऱ्या ओळीत पडतं? ओळी सलग जोडून गद्यासारख्या लिहा आणि पुन्हा वाचा. काय हरवलं ते टिपा. सर्वात शेवटी मात्रा मोजा, त्याही सगळ्या कवितेच्या नव्हे, कानाला अचानक तालात आल्यासारख्या वाटलेल्या दोन-तीन ओळींच्या. मुक्तछंदाच्या मधोमध आठ-आठ मात्रांची एखादी ओळ दडलेली सापडते, आणि मग ती तिथेच का आली ते पाहायला पुन्हा पायरी ७ वर जावं लागतं.